समुदायार्जित एमआरएसए

समुदायार्जित एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन आणि त्याच्या कुळातील प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूचा रुग्णालयाबाहेर, म्हणजे घर, शाळा, वसतिगृह, तुरुंग, सैनिकी छावणी, आखाडा, क्रीडांगण अशा ठिकाणी होणारा संसर्ग. ‘एमआरएसए’ हे ‘मेथिसिलिन-रोधी स्टॅफिलोकोकस ऑरियस’ या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले लघुरूप आहे. १९६१ मध्ये या जीवाणूची पहिली नोंद झाली. त्यानंतर सुमारे तीन दशके तो केवळ रुग्णालयांचा प्रश्न मानला जात असे. दीर्घकाळ दाखल असलेले, शस्त्रक्रिया झालेले किंवा शरीरात नळ्या बसवलेले रुग्ण हे त्याचे भक्ष्य होते. १९९०च्या दशकात मात्र रुग्णालयाची पायरीही न चढलेल्या निरोगी मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये तो आढळू लागला. हे वाण रुग्णालयातून निसटून बाहेर पडलेले नसून बहुतांशी स्वतंत्रपणे उत्पन्न झालेले होते, असे पुढे जनुकीय अभ्यासातून दिसून आले.

यातील बहुसंख्य संसर्ग त्वचेपुरते मर्यादित असतात आणि पू काढून टाकल्यावर बरे होतात. थोड्या रुग्णांत मात्र ते फुप्फुसे, हाडे, सांधे किंवा रक्तात पसरून काही तासांत किंवा दिवसांत प्राणघातक ठरतात. अशा वेळी पहिल्या तासांत दिलेले औषध लागू पडणारे आहे की नाही, याला निर्णायक महत्त्व असते.

नाव आणि व्याख्या

मेथिसिलिन हे औषध आता वापरात नाही. प्रयोगशाळांमध्ये त्याऐवजी ऑक्सॅसिलिन किंवा सेफॉक्सिटिनच्या साहाय्याने चाचणी केली जाते, परंतु जुने नाव रूढ राहिले आहे. ‘मेथिसिलिन-रोधी’ या विशेषणाचा व्यवहारातील अर्थ नावावरून वाटतो त्यापेक्षा बराच व्यापक आहे. असा जीवाणू पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, क्लॉक्सॅसिलिन आणि जवळजवळ सर्व सेफॅलोस्पोरिने अशा संपूर्ण बीटा-लॅक्टॅम गटाला रोधी असतो. पुवाळलेल्या जखमेसाठी किंवा तापासाठी डॉक्टर सर्वप्रथम लिहून देतात ती बहुतेक औषधे याच गटातील असतात.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने केलेली व्याख्या सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्यानुसार बाह्यरुग्ण विभागात किंवा दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत जीवाणू सापडलेला असावा. मागील एका वर्षात रुग्णालयात भरती, शस्त्रक्रिया, डायलिसिस किंवा शुश्रूषागृहातील वास्तव्य झालेले नसावे, त्वचेतून शरीरात जाणारी कायमची नळी नसावी आणि पूर्वी एमआरएसए आढळलेला नसावा. ही व्याख्या रुग्णाच्या पूर्वेतिहासावर आधारलेली आहे. जीवाणूच्या वाणावरून केलेले वर्गीकरण तिच्याशी नेहमी जुळतेच असे नाही आणि काळाच्या ओघात ही तफावत वाढत गेली आहे.

जीवाणू

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८०च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यात गोलाकार जीवाणूंचे घोस दाखवून दिले. द्राक्षाच्या घोसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला स्टॅफिलोकोकस हे नाव दिले. १८८४ मध्ये जर्मन वैद्यक रोझेनबाख यांनी सोनेरी रंगाच्या वसाहती करणाऱ्या प्रकाराला ‘ऑरियस’ असे वेगळे नाव दिले.

हा जीवाणू माणसाचा जुना सोबती आहे. सुमारे एक तृतीयांश लोकांच्या नाकपुड्यांच्या पुढील भागात तो कोणताही त्रास न देता राहतो. काख, जांघ, घसा आणि आतड्यातही तो असू शकतो. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. त्वचेला खरचटणे, चिरणे, कीटकदंश किंवा खरूज यांमुळे वाट मिळाली की हाच जीवाणू केसतोड, करट, गळू किंवा त्वचेखालील ऊतींचा दाह निर्माण करतो. कोरड्या पृष्ठभागावर तो अनेक दिवस, कधी कधी महिनोन्‌महिने, जिवंत राहू शकतो.

प्रतिजैविकरोधाची पार्श्वभूमी

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीभोवती जीवाणू विरघळलेले दिसले, ती काचेची बशी स्टॅफिलोकोकसचीच होती. पेनिसिलिनचा वापर १९४१ पासून सुरू झाला आणि १९४२ मध्येच त्याला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसची नोंद झाली. हे जीवाणू पेनिसिलिनेज नावाचे विकर तयार करून औषधाचा रेणू फोडून टाकत. १९५०च्या दशकात ‘८०/८१’ या क्रमांकाने ओळखला जाणारा पेनिसिलिन-रोधी वाण ऑस्ट्रेलियातील नवजात अर्भकांच्या कक्षांतून जगभर पसरला. तो रुग्णालयांत जेवढा पसरला तेवढाच बाहेरही पसरला. पेनिसिलिन-रोध आधी रुग्णालयात दिसला आणि नंतर समाजात सर्वत्र झाला, ही घटना त्या वेळच्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर घडली होती. त्यामुळे मेथिसिलिनच्या बाबतीत पुढे वाटलेले आश्चर्य काहीसे अनाठायी म्हणावे लागते.

पेनिसिलिनेजने न फुटणारे मेथिसिलिन ब्रिटनमध्ये १९५९-६० मध्ये वापरात आले. १९६१ मध्ये लंडनच्या कॉलिनडेल येथील प्रयोगशाळेतील पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसची नोंद प्रसिद्ध केली. औषध आले आणि त्यामुळे रोध निर्माण झाला, असा त्याचा सरळ अर्थ अनेक वर्षे लावला गेला. मात्र जुन्या नमुन्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हा रोध १९४०च्या दशकाच्या मध्यास, म्हणजे मेथिसिलिनच्या बऱ्याच आधी, निर्माण झाला असावा असे दिसले. पेनिसिलिनच्या मुबलक वापराने त्याची निवड आधीच झालेली होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनाने हा इतिहास आणखी मागे नेला. हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या त्वचेवरील एक बुरशी स्वतःच पेनिसिलिनसदृश द्रव्ये तयार करते. तिच्या सहवासात राहणाऱ्या स्टॅफिलोकोकसमध्ये मेथिसिलिन-रोधाचा एक निराळा प्रकार एकोणिसाव्या शतकापासूनच असल्याचे त्यात आढळले.

रोधाची यंत्रणा

जीवाणूच्या पेशीभित्तिकेतील धागे एकमेकांस जोडण्याचे काम विशिष्ट प्रथिने करतात. बीटा-लॅक्टॅम औषध या प्रथिनांना घट्ट चिकटून त्यांना निकामी करते. भिंत अपुरी राहते आणि पेशी फुटते. एमआरएसएमध्ये मेकए हे जनुक असते. त्यापासून बनणाऱ्या पीबीपी२ए या प्रथिनाला हे औषध नीट चिकटत नाही. बाकीची प्रथिने निकामी झाली तरी हे एक प्रथिन भिंत बांधण्याचे काम चालू ठेवते. पेनिसिलिनेज औषधाचा नाश करते, तर येथे औषधाचे लक्ष्यच बदललेले असते. म्हणूनच रेणूत बारीकसारीक फेरफार करून बनवलेली नवी बीटा-लॅक्टॅम औषधेही बहुधा निष्फळ ठरतात. सेफ्टॅरोलिनसारखे मोजके अपवाद आहेत.

मेकए जनुक गुणसूत्रावर एकटे नसते. ते ‘एससीसीमेक’ या स्थानांतर करू शकणाऱ्या जनुकखंडाचा भाग असते. या खंडाचे अनेक प्रकार असून समुदायार्जित संसर्गाचे स्वतंत्र मूळ समजण्याची किल्ली याच प्रकारांत आहे. रुग्णालयीन वाणांतील प्रकार एक, दोन व तीन आकाराने मोठे असतात. प्रकार दोनची लांबी सुमारे ५३,००० आधारक जोड्या भरते. यांपैकी प्रकार दोन व तीनमध्ये इतर औषधांविरुद्धची रोधजनुकेही असतात. समाजात आढळलेल्या वाणांत मुख्यतः प्रकार चार आणि पाच असतात. प्रकार चार जेमतेम २०,००० ते २५,००० आधारक जोड्यांचा असून त्यात मेकएखेरीज अन्य औषधांचा रोध सहसा नसतो.

एवढे मोठे ओझे वाहणारा रुग्णालयीन जीवाणू औषधांच्या सततच्या माऱ्यात टिकतो, पण बाहेरच्या जगात साध्या जीवाणूंशी स्पर्धा करताना मागे पडतो. लहान खंड घेतलेल्या जीवाणूला ही किंमत फारशी मोजावी लागत नाही. समाजात आधीपासून यशस्वी असलेल्या औषधसंवेदी वाणांनी वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या वेळी हा लहान तुकडा आत्मसात केला, असे आज मानले जाते.

रुग्णालयाबाहेरील उदय

१९८०-८१ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात शिरेवाटे अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये रुग्णालयाबाहेर झालेले एमआरएसए संसर्ग आढळले होते. त्या रुग्णांचा वैद्यकीय सेवेशी वारंवार संबंध येत असल्याने त्याकडे अपवाद म्हणून पाहिले गेले. ऑस्ट्रेलियातील अनुभव वेगळा होता. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली या दुर्गम प्रदेशातील आदिवासी वस्त्यांमधून आलेल्या रुग्णांत असा एमआरएसए सापडला की जो बीटा-लॅक्टॅम सोडून बहुतेक औषधांना दाद देत होता. तेथील रुग्णालयांतील वाणांशी त्याचे साम्य नव्हते. १९९३ मध्ये याचे वर्णन प्रसिद्ध झाले. दाटीची घरे, पाण्याची टंचाई आणि खरजेमुळे त्वचेवर कायम असलेल्या जखमा ही त्या वस्त्यांची स्थिती होती.

शिकागोतील एका बालरुग्णालयाच्या नोंदींचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणताही ज्ञात धोकाघटक नसलेल्या मुलांमधील समुदायार्जित एमआरएसएचे प्रमाण १९८८-९० या काळात दर एक लाख भरतींमागे १० होते, ते १९९३-९५ मध्ये २५९ झाले होते.

तरीही व्यापक लक्ष वेधले गेले ते चार बालमृत्यूंमुळे. जुलै १९९७ ते फेब्रुवारी १९९९ या काळात मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांत चार मुले एमआरएसएमुळे दगावली. त्यांत सात वर्षांची एक मुलगी होती, सोळा महिन्यांची एक बालिका, तेरा वर्षांची एक मुलगी आणि एक वर्षाचा एक मुलगा. सात वर्षांच्या मुलीचा आजार मांडीच्या सांध्यातील दुखण्याने व तापाने सुरू झाला, तर तेरा वर्षांच्या मुलीला ताप आणि खोकल्यातून रक्त पडत होते. सोळा महिन्यांची बालिका अत्यवस्थ स्थितीत आणली गेली आणि काही तासांतच मरण पावली. चौघांपैकी कोणालाही एमआरएसएचा परिचित धोकाघटक नव्हता. सर्वांना सुरुवातीला सेफॅलोस्पोरिन गटातील औषध दिले गेले. अन्य स्टॅफिलोकोकसवर किंवा न्यूमोनियाच्या नेहमीच्या जंतूंवर ते योग्यच ठरले असते. त्यांच्या शरीरातील जीवाणू मात्र त्याला रोधी होते, आणि विशेष म्हणजे बीटा-लॅक्टॅम वगळता इतर अनेक साध्या, जुन्या औषधांना ते संवेदनशील होते.

येथे उपचारांत हलगर्जी झाली असे म्हणता येत नाही. ‘निरोगी मुलाला एमआरएसए होत नाही’ हे तोवरचे सर्वमान्य ज्ञानच चुकीचे ठरले होते. अमेरिकी रोग नियंत्रण केंद्राने ऑगस्ट १९९९ मध्ये या चार प्रकरणांचा अहवाल प्रसिद्ध केला. सोळा महिन्यांच्या बालिकेपासून मिळालेल्या ‘एमडब्ल्यू२’ या वाणाचा संपूर्ण जनुकसंच जपानी संशोधकांनी २००२ मध्ये वाचला. त्यात एससीसीमेक प्रकार चार आणि रुग्णालयीन वाणांत न आढळणारी अनेक विषद्रव्यांची जनुके सापडली.

यूएसए३००चा प्रसार

२००० सालानंतर अमेरिकेत ‘यूएसए३००’ या नावाचा वाण आढळू लागला आणि काही वर्षांतच त्याने आधीच्या वाणांना मागे टाकले. त्याचे सुरुवातीचे उद्रेक तुरुंगांत आणि महाविद्यालयीन फुटबॉल संघांत नोंदले गेले. लॉस एंजेलिस परगण्याच्या तुरुंगात २००२ या एका वर्षात ९२८ कैद्यांना एमआरएसएचे जखमसंसर्ग झाल्याचे निदान झाले. सुरुवातीला अनेक कैदी ‘कोळी चावला’ अशी तक्रार घेऊन येत. मध्यभागी काळवंडलेली, लाल, दुखरी सूज पाहून डॉक्टरांनाही ते पटत असे. वास्तविक अशा जखमा करणारा तपकिरी एकांतवासी कोळी कॅलिफोर्नियात वास्तव्यासच नाही. तेव्हापासून ‘कोळ्याचा चावा’ ही तक्रार अमेरिकी वैद्यकात एमआरएसएची सूचक खूण मानली जाते.

प्रसाराचा मार्ग सर्वांत स्पष्टपणे उलगडला तो सेंट लुईस रॅम्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघातील उद्रेकाच्या अभ्यासातून. २००३च्या हंगामात ५८ पैकी पाच खेळाडूंना मिळून आठ संसर्ग झाले. सर्व संसर्ग कृत्रिम हिरवळीवर घसरून खरचटलेल्या जागी झाले होते आणि बाधित खेळाडू प्रामुख्याने प्रतिस्पर्ध्याशी सतत अंगाला अंग भिडवणाऱ्या स्थानांवर खेळणारे होते. खेळाडू एकमेकांचे टॉवेल वापरत आणि सामाईक कोमट पाण्याच्या कुंडात उतरण्यापूर्वी अंघोळ करत नसत. त्यांना मिळालेल्या प्रतिजैविकांचे प्रमाण त्याच वयाच्या सामान्य पुरुषांच्या दहापटींहून अधिक होते. संशोधकांनी खेळाडूंच्या व कर्मचाऱ्यांच्या नाकांतील स्राव आणि परिसरातील वस्तू तपासल्या. त्यांत साधा स्टॅफिलोकोकस विपुल सापडला, पण एमआरएसए एकाही नमुन्यात नव्हता. नाकातील वाहकता हा या रोगाचा मूळ साठा, अशी रुग्णालयांतून आलेली समजूत येथे अपुरी पडली. उघड्या जखमेचा दुसऱ्याच्या त्वचेशी थेट स्पर्श हाच येथे मुख्य दुवा दिसतो.

ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेतील अकरा शहरांच्या तातडीच्या विभागांत त्वचेच्या पुवाळलेल्या संसर्गासाठी आलेल्या ४२२ प्रौढांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ५९ टक्के रुग्णांत एमआरएसए आढळला आणि त्यातील ९७ टक्के जीवाणू यूएसए३०० प्रकारचे होते. त्या काळात अमेरिकेतील अनेक शहरांत गळू घेऊन आलेल्या रुग्णाला बीटा-लॅक्टॅम औषध लिहून देणे म्हणजे बहुधा निरुपयोगी औषध देणे होते.

ऑक्टोबर २००७ मध्ये हा विषय अमेरिकेत घराघरांत पोहोचला. व्हर्जिनिया राज्यातील १७ वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा एमआरएसएने मृत्यू झाला आणि त्या परगण्यातील शाळा सफाईसाठी बंद ठेवण्यात आल्या. त्याच आठवड्यात प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात २००५ मध्ये अमेरिकेत ९४,३६० लोकांना गंभीर, आंतरिक एमआरएसए संसर्ग झाल्याचा आणि त्यांपैकी सुमारे १८,६५० जणांचा रुग्णालयात मृत्यू झाल्याचा अंदाज होता. वृत्तपत्रांनी या दोन बातम्या एकत्र छापल्या. प्रत्यक्षात त्या आकड्यातील सुमारे १४ टक्केच संसर्ग समुदायार्जित होते. बाकीचे बहुतेक सर्व कोणत्या ना कोणत्या प्रकारे वैद्यकीय सेवेशी निगडित होते.

यूएसए३०० हा उत्तर अमेरिकेतील प्रबळ वाण असला तरी इतरत्र चित्र निराळे आहे. युरोप, उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेत एसटी८०, ऑस्ट्रेलियात एसटी९३, तर नैर्ऋत्य प्रशांत महासागरातील बेटांवर व न्यूझीलंडमध्ये एसटी३० हे वाण पसरले. यांपैकी एसटी३० हा १९५०च्या दशकातील ८०/८१ या वाणाचा जवळचा नातलग आहे.

रोगकारकता

समाजातील अनेक वाणांत पँटन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन, संक्षेपाने पीव्हीएल, या विषद्रव्याची जनुके असतात. हे विष पांढऱ्या रक्तपेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते. १९३२ मध्ये ज्यांनी त्याचे वर्णन केले त्या दोन संशोधकांची नावे त्याला मिळाली आहेत. वारंवार होणारी गळवे आणि तरुण, निरोगी व्यक्तींना फ्लूनंतर होणारा ऊतिनाशक न्यूमोनिया यांच्याशी पीव्हीएलचा संबंध फ्रान्समधील अभ्यासांतून दिसून आला. मात्र प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. त्याचे एक कारण असे, की पीव्हीएल मानवी पेशींवर तीव्र परिणाम करते, पण उंदरांच्या पेशींवर त्याचा प्रभाव अगदी कमी असतो. अल्फा-विष आणि फिनॉल-विद्राव्य मॉड्युलिन नावाची लहान प्रथिनेही तितकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची आहेत असे काही संशोधक मानतात. यूएसए३००मध्ये याखेरीज त्वचेवरील निरुपद्रवी स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसकडून आलेला एक जनुकखंड असून तो त्वचेच्या आम्लधर्मी पृष्ठभागावर टिकण्यास साहाय्य करतो.

लक्षणे

सर्वाधिक आढळणारे लक्षण म्हणजे लाल, गरम, ठणकणारी व मध्यभागी पू धरलेली गाठ. ती मांड्या, नितंब, काख, मान आणि दाढीच्या भागात विशेष होते. घरातील एकामागून एक व्यक्तींना गळवे होणे किंवा एकाच व्यक्तीला ती पुनःपुन्हा होणे ही महत्त्वाची खूण आहे. त्वचेवरची खूण पाहून हा जीवाणू रोधी आहे की संवेदी, हे सांगता येत नाही.

ताप व थंडी वाजून येणे, झपाट्याने पसरणारी लाली, दिसणाऱ्या सूजेच्या मानाने अतिशय तीव्र वेदना, धाप, खोकल्यातून रक्त, बाळाचे मलूल होणे किंवा सांध्याच्या दुखण्यामुळे पाय न टेकवणे ही आंतरिक संसर्गाची लक्षणे असून त्यांत तातडीच्या उपचारांची गरज असते.

निदान आणि उपचार

निदानासाठी पू, रक्त किंवा अन्य स्रावाचे संवर्धन करून जीवाणू ओळखतात आणि कोणती औषधे लागू पडतात ते तपासतात. यास साधारण दोन ते तीन दिवस लागतात. मेकए जनुक शोधणाऱ्या रेणवीय चाचण्या काही तासांत उत्तर देतात.

गळवाचा मुख्य उपचार औषध नसून निर्जंतुक चीर देऊन पू काढून टाकणे हा आहे. पुवाच्या पोकळीत प्रतिजैविक नीट पोहोचत नाही. लहान गळवे केवळ निचऱ्याने बरी होतात, म्हणून प्रतिजैविकाची गरजच नाही, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. अमेरिकेत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी त्यात दुरुस्ती केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निचऱ्यासोबत को-ट्रायमोक्साझोल घेतलेले ८०.५ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेतलेले ७३.६ टक्के रुग्ण बरे झाले. २०१७च्या चाचणीत क्लिंडामायसिनने ८३.१ टक्के, को-ट्रायमोक्साझोलने ८१.७ टक्के आणि निष्क्रिय गोळीने ६८.९ टक्के रुग्ण बरे झाले. प्रतिजैविकाने फरक पडतो हे त्यातून सिद्ध झाले. नुसत्या निचऱ्याने दहापैकी सुमारे सात जण बरे होतात, हेही त्याच आकड्यांतून दिसते.

तोंडावाटे द्यावयाच्या औषधांत वरील दोहोंखेरीज डॉक्सिसायक्लिन आणि लिनेझोलिड यांचा समावेश होतो. क्लिंडामायसिनबाबत एक सावधगिरी आवश्यक असते. काही जीवाणू चाचणीत या औषधाला संवेदी दिसतात, पण एरिथ्रोमायसिनच्या सान्निध्यात त्यांचा सुप्त रोध जागा होतो. तो ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत ‘डी-चाचणी’ करतात. आंतरिक संसर्गात शिरेवाटे व्हँकोमायसिन हा मुख्य आधार आहे. डॅप्टोमायसिन रक्तातील संसर्गावर प्रभावी असले तरी फुप्फुसातील पृष्ठसक्रिय द्रव्यामुळे ते निष्क्रिय होते, म्हणून न्यूमोनियात देत नाहीत. व्हँकोमायसिनला पूर्णपणे दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस २००२ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात प्रथम सापडला. सुदैवाने असे जीवाणू अद्याप अत्यंत विरळ आहेत.

प्रतिबंध

दाटीवाटी, त्वचेचा त्वचेशी वारंवार स्पर्श, फाटलेली त्वचा, दूषित वस्तू आणि स्वच्छतेच्या सोयींचा अभाव अशा पाच बाबी प्रसारास कारणीभूत मानल्या जातात. शेवटची बाब बहुधा वैयक्तिक सवयींचा दोष म्हणून मांडली जाते. परंतु किंबर्लीतील वस्त्या असोत वा लॉस एंजेलिसचा तुरुंग, तेथे प्रश्न सवयींपेक्षा पाणी, साबण आणि जागा उपलब्ध असण्याचा होता.

जखम बरी होईपर्यंत कोरड्या पट्टीने झाकणे, हात साबणाने धुणे, टॉवेल, वस्तरा, कपडे सामाईक न वापरणे आणि खेळानंतर लगेच अंघोळ करणे हे साधे उपाय परिणामकारक आहेत. गळू घरी पिळून किंवा सुईने फोडून काढल्यास जंतू खोलवर जाण्याचा आणि हातांवाटे घरभर पसरण्याचा धोका असतो. कोमट पाण्याने शेकण्यास हरकत नसते. झाकता येणारी जखम असलेल्या मुलाला शाळेतून दूर ठेवण्याची सामान्यतः आवश्यकता नसते.

पुनःपुन्हा गळवे होणाऱ्या रुग्णांत नाकात म्युपिरोसिन मलम आणि अंघोळीसाठी क्लोरहेक्सिडीन यांचा वापर डॉक्टरांच्या सल्ल्याने केला जातो. केवळ रुग्णावर असा उपचार करण्यापेक्षा संपूर्ण कुटुंबावर केल्यास गळवे कमी प्रमाणात उलटतात, असे सेंट लुईस येथील एका चाचणीत आढळले. न्यूयॉर्कमधील जीवाणूंच्या जनुकसंचांच्या अभ्यासातूनही घर हाच या वाणाचा दीर्घकालीन साठा असल्याचे दिसून आले.

भारतातील स्थिती

भारतातील उपलब्ध आकडेवारी मुख्यतः मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांमधून येते. देशातील पंधरा तृतीय स्तरीय केंद्रांनी २००८ व २००९ मध्ये मिळून तपासलेल्या २६,०००हून अधिक स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या नमुन्यांत मेथिसिलिन-रोधाचे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. दवाखान्यात चीर देऊन पट्टी बांधलेल्या गळवाचा पू सहसा प्रयोगशाळेत जात नाही. त्यामुळे समाजातील प्रमाणाचा अंदाज या आकड्यावरून बांधता येत नाही.

भारतीय उपखंडाचा या विषयातील खास संबंध एसटी७७२ या वाणामुळे येतो. २००४ मध्ये बांगलादेश व भारतात आढळलेल्या या वाणाला ‘बंगाल उपसागर क्लोन’ असे म्हणतात. त्यात एससीसीमेक प्रकार पाच आणि पीव्हीएलची जनुके असतात. मुंबईतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एसटी२२ आणि एसटी७७२ हे वाण शहरातील रुग्णांत रुजल्याचे दाखवून दिले. रुग्णालयांतील जुन्या, प्रकार तीनचा खंड असलेल्या वाणाची जागा ते घेत होते. समाजातील वाणांनी रुग्णालयात प्रवेश केल्याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचांच्या अभ्यासानुसार हा क्लोन भारतीय उपखंडातच उगम पावला आणि १९९०च्या दशकात बहुऔषधरोधी होऊन पसरला. युरोप, आखाती देश व ऑस्ट्रेलियात तो प्रवास आणि कौटुंबिक संबंधांतून पुनःपुन्हा पोहोचला. समुदायार्जित एमआरएसए बीटा-लॅक्टॅम सोडून इतर औषधांना दाद देतो, हे पाश्चात्त्य ग्रंथांतील विधान या क्लोनला लागू होत नाही. त्याच्या बहुतेक वंशजांत एरिथ्रोमायसिन, जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि ट्रायमेथोप्रिम यांविरुद्धही रोध असतो. को-ट्रायमोक्साझोलमधील एक घटक ट्रायमेथोप्रिमच आहे. अमेरिकेतील चाचण्यांवर आधारलेला उपचार येथे जसाच्या तसा उचलणे म्हणूनच धोक्याचे ठरते आणि पुवाची तपासणी येथे अधिक मोलाची आहे.

चिठ्ठीविना प्रतिजैविके मिळण्यावर आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये ‘अनुसूची एच१’ अधिसूचित केली आणि ती मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यातील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही औषधविक्रेत्याला ठेवावी लागते. प्रतिजैविकरोधाविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये जाहीर झाला.

पुसट होत गेलेली सीमारेषा

यूएसए३०० आता अमेरिकेतील रुग्णालयांतील रक्तसंसर्गांचेही एक प्रमुख कारण आहे. उलट, डिस्चार्ज मिळालेले रुग्ण रुग्णालयीन वाण घरी नेतात. त्यामुळे ‘समुदायार्जित’ व ‘रुग्णालयार्जित’ या संज्ञा रुग्णाला संसर्ग कोठे झाला एवढेच सांगतात, जीवाणू कोणता हे सांगत नाहीत. अमेरिकेत २००५ नंतर रुग्णालयांतील एमआरएसए रक्तसंसर्ग हातांची स्वच्छता व नळ्यांच्या काळजीमुळे लक्षणीय घटले. रुग्णालयाबाहेर सुरू होणाऱ्या संसर्गांतील घट मात्र बरीच संथ राहिली.

तिसरा साठा पशुधनाचा आहे. नेदरलँड्समध्ये रुग्णालयांतील कठोर शोधमोहिमेमुळे एमआरएसए अत्यल्प होता. तेथे २००३-०४च्या सुमारास डुक्करपालक व त्यांच्या कुटुंबीयांमध्ये एसटी३९८ हा वाण सापडला. त्याच्या वंशवृक्षाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार या वाणाचा पूर्वज मुळात माणसांतील, औषधांना दाद देणारा स्टॅफिलोकोकस होता. माणसाकडून तो जनावरांत गेला, तेथे त्याने मेथिसिलिन आणि टेट्रासायक्लिन यांविरुद्धचा रोध मिळवला आणि नंतर गोठ्यांत काम करणाऱ्यांच्या नाकांत परत आला.